वावराचा अंगठा

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडली आणि कारंज्याकडे जाणाऱ्या छोट्या गाडीत बसले. माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि खांद्याला अडकवलेली पत्र्याची लांब नळी होती. समोरच्या म्हाताऱ्यानं ती नळी बराच वेळ न्याहाळली आणि शेवटी विचारलंच.

“बाई, बंदूक हाय काय यात?”

“नाही हो. कागद आहेत, चित्रांचे.”

“घ्या! कागदाले पत्र्याचं घर अन् आमाले कुडाचं!” तो स्वतःच्याच बोलण्यावर मनापासून हसला आणि मला बसायला नीट जागा व्हावी म्हणून त्यानं आपलं गाठोडं मांडीवर घेतलं.

नळीत जाड हातकागदाचे पाच ताव होते. पुण्याच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईला असे पाच ताव परवडायला दोन महिने काटकसर करावी लागते. गेलं वर्षभर मी घरी एक प्रयोग करत होते. पुठ्ठ्यावर कापडाचे तुकडे, दोरा, वाळू असं काहीबाही चिकटवायचं, त्यावर शाईचा रोलर फिरवायचा, वर ओलसर कागद ठेवून दाबायचं. मग त्या ठशावर थोडं रेखाटायचं, थोडं पुन्हा चिकटवायचं. निसर्गदृश्यं मी पुष्कळ काढली होती, पण ती आता मलाच कॅलेंडरवरची वाटायला लागली होती. अशात कुसुमचं पत्र आलं.

कुसुम आणि मी नागपुरात चित्रकला शिकत असताना एका खोलीत राहत होतो. आता ती वाशीमला एका शाळेत शिकवत होती. पत्र चारच ओळींचं होतं. ‘आमच्या नाल्यावर तलाव होतो आहे. पुढच्या पावसाळ्यात आमचं शेत पाण्याखाली जाईल. नाताळच्या सुट्टीत ये. तू त्याचं चित्र काढ. माझ्याकडून होत नाही.’

शेवटचं वाक्य मला टोचलं. आमच्या वर्गात सगळ्यांत चांगला हात तिचा होता.

कारंज्याच्या स्टेशनावर ती उभी होती. केसांत दोन-चार पांढरे आले होते, बाकी तीच. मानोऱ्याच्या एसटीत आम्हाला मागच्या चाकावरची जागा मिळाली. दुष्काळ सरून पहिलंच बरं वर्ष आलं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) फुटली होती, तुरी अजून हिरव्या होत्या, आणि लांबवर डोंगरावरचा साग उन्हात तपकिरी दिसत होता. इंझोरी मागे पडल्यावर एका फाट्यावर उतरलो आणि तासभर चालत तिच्या गावी पोचलो.

“तू अलीकडे काय काढलंस?” मी वाटेत विचारलं.

“फळ्यावर फुलदाणी,” ती म्हणाली. “नऊ वर्षं झाली, तीच फुलदाणी.”

कुसुमची आई, तुळसाबाई, दारातच उभी होती. उंच, हाडापेरानं मोठी बाई. “जयभीम, बाई, या,” म्हणून तिनं माझ्या हातातली ट्रंक अशी उचलली की जणू रिकामीच आहे. घर दोन खणांचं, शेणानं सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी कुसुमच्या वडिलांचा फोटो, वाळलेला हार घातलेला. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. भाऊ नागपुरात नोकरीला. शेत तुळसाबाई एकटीच करत होती.

जेवायला ज्वारीची भाकर, सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी आणि जवसाची चटणी. भाजी इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तुळसाबाईनं न बोलता चटणी माझ्या ताटातून काढून स्वतःच्या ताटात घेतली आणि गुळाचा खडा पुढे ठेवला.

“पुन्याच्या जिभा लय नाजूक,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वावरात (शेतात) गेलो. तीन एकरांचा तुकडा, नाल्याकडे हळूच उतरत गेलेला. वरच्या धुऱ्यावर (बांधावर) एक बोर, मधोमध विहीर, खाली नाला. आणि नाल्याच्या पलीकडे, दोन शेतं सोडून, तलावाची मातीची पाळ, लाल मुरमाची, अजून अर्धी. वावर सुंदर होतं. मी वही काढली, बोरीखाली बसले आणि पहिली रेघ ओढली. तेवढ्यात वेचलेल्या कापसाची ओटी सावरत तुळसाबाई आली.

“काय करून राह्यल्या, बाई?”

“तुमच्या वावराचं चित्र काढते आहे, आई.”

ती काही वेळ वहीकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

“नोका काढू.”

“आई, तिला मीच बोलावलंय,” कुसुम म्हणाली.

“बोलावलं तं राहू दे. जेवू दे, खाऊ दे. पन हे नोको.” तिचा आवाज चढला नव्हता. “तुह्या बाबाचा फोटू कवा काढला, ठाऊक हाय नं तुले? मेल्यावर. बसवून. जित्तं मानूस असलं का त्याचा फोटू कोनी काढत नाही. माहं वावर अजून जित्तं हाय. पऱ्हाटीले बोंडं हायेत. त्याचा फोटू कायले काढता?”

मी वही मिटली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? इतक्या लांबून आले, सुट्टीचे दिवस मोजके. पण त्या मोठ्या हाताचं वजन माझ्या हातावर होतं आणि त्यात राग करण्यासारखं काही नव्हतं.

मग दोन दिवस मी इतरत्र भटकले. पोहरादेवीच्या वाटेवरचे माळ, एका तांड्याच्या बाहेरचे मोहाचे वृक्ष, टेकडीवरून दिसणारी शेतं, असं बरंच रेखाटलं. सगळी चित्रं ठीक होती आणि एकाही चित्रात जीव नव्हता. तिसऱ्या दिवशी कंटाळून मी अंगणात बसले. कुसुमला म्हटलं, निदान मी पुण्यात काय करते ते तरी तुला दाखवते. सागाचं एक वाळकं पान घेतलं, रोलरनं शाई लावली, वर वहीचा कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासलं. कागद उचलला तर पानाची शीर न् शीर उमटलेली. कुसुमनं पळसाचं पान आणलं, मग बाभळीची साल, मग सुपाचा तुटका तुकडा. आम्ही दोघी पुन्हा विशीतल्या पोरी झालो. या गडबडीत शेजारची शेळी केव्हा आली कळलंच नाही. नळीतून बाहेर काढून ठेवलेल्या पाच तावांपैकी एक तिनं अर्धा खाल्ला होता आणि दुसऱ्यावर उभी राहून तोंड पुसावं तशी मान हलवत होती. तीन ताव वाचले. मी रडायच्या बेतात, आणि कुसुम पोट धरून हसत होती. तिला असं हसताना मी कित्येक वर्षांनी पाहत होते.

तुळसाबाई हे सगळं उंबऱ्यावरून बघत होती. तिनं पुढे येऊन सागाच्या पानाचा ठसा उचलला, उन्हात धरला.

“हे पानानंच काढलं?”

“हो. मी काहीच काढलं नाही. शाई लावून दाबलं फक्त.”

“म्हंजे हे पानाचा अंगठा झाला.”

मी म्हटलं, हो, तसंच.

ती बसली. बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिली.

“तलावाचे साहेब आले तवा माहा अंगठा घेतला त्याइनं,” ती म्हणाली. “कागदावर. मी देला. पान्यासाठी हाय, गावाचं भलं हाय, मले समजते. दुष्काळात पोट भराले कामं निंघाली तवा त्याच पाळीवर मीबी माती वाह्यली, बाई. आपल्याच वावरावर पानी आनाले टोपले वाह्यले. काय करता? पोट होतं.” तिनं अंगठा पुढे धरला. “पन वावराले कोनी इचारलं? त्याचा अंगठा कोनी घेतला?”

बाहेर शेळीवाली शेळीला शिव्या देत होती.

“फोटू नोको,” तुळसाबाई उठत म्हणाली. “पन अंगठा घ्या त्याचा. मी सामान आनून देते.”

आणि तिनं खरंच सामान आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगणात ढीग झाला. पऱ्हाटीच्या काड्या, बोंडाची रिकामी नखं (टरफलं), बोरीची काटेरी फांदी, तुरीच्या शेंगा, ओच्यात बांधून आणलेली काळी माती, नाल्यातली रेती, कुसुमच्या वडिलांच्या वेळच्या मोटेच्या चामड्याचा वाळून कडक झालेला तुकडा. आणि स्वतःच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ.

“हे काय?” कुसुमनं विचारलं.

“गवत निंदाले बसली का हेच घासत होतं वावरात. तीस वर्स. हेबी वावरच हाय.”

माती चाळून सरसात कालवली आणि पुठ्ठ्यावर पसरली. वर काड्या, शेंगा, रेती. कुठे काय हे तुळसाबाईनं बोटानं दाखवलं आणि आम्ही चिकटवलं. ठसा पाटाएवढा मोठा झाला. एवढा ठसा चमच्यानं घासून निघणार नव्हता. दाब हवा होता. कुसुमला मानोऱ्याच्या रहमानचाचांचा छापखाना आठवला.

मानोऱ्याला बाजार होता. एसटीत ठसा मांडीवर आडवा धरून तुळसाबाई बसली आणि कंडक्टरनं “मावशी, हे काय लगेज?” असं विचारल्यावर “वावर हाय माहं, तिकीट लागते काय?” असं तिनं शांतपणे उत्तर दिलं.

रहमानचाचा साठीचे, पांढरी दाढी, बोटांची टोकं शाईनं कायमची काळी. लग्नपत्रिका, जाहिराती आणि पावतीपुस्तकं छापायचे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचंही तेच, मशीनचा पाय मारायचंही तेच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ठसा पाहिला.

“बेटी, हे मशीनीत नाही जात. शेंगा हायेत हिच्यात. मशीन माहं जेवन करत नाही.” मग कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “पन शिकंजा हाय. पुस्तकं बांधाचा. त्यात घालून पाहू.”

लोखंडी शिकंज्याचा वरचा दांडा फिरवायला चाचा आणि तुळसाबाई दोघं लागले. पहिला ताव ओलसर करून ठेवला, शाई लावली, वर घोंगडीची घडी टाकली, दाबलं. मी कागद एका कोपऱ्यानं उचलला. कागदावर मातीचा काळाभोर दाणेदार पोत, त्यात पऱ्हाटीच्या पांढऱ्या रेघा, बोरीचे काटे कागदात खोल रुतलेले. मी वर्षभर ज्याच्यासाठी धडपडत होते ते हेच होतं. मी आनंदानं तुळसाबाईकडे पाहिलं.

ती कागदाकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता.

“हे माहं वावर नोहे.”

“का, आई?”

“नाला इकडं कसा? बोर तिकडं गेली. उतार उलटा झाला. या वावरात पानी कसं उतरन?”

मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. ठसा कागदावर नेहमी उलटाच उतरतो, डावीकडचं उजवीकडे. हे मला माहीत होतं. पहिल्याच धड्यात शिकवतात. पण निसर्गदृश्यात नाला डावीकडे असो की उजवीकडे, आजवर मला काय फरक पडला होता? मी मान खाली घातली. “चूक माझी आहे, आई. मी विचारच केला नाही.”

दोनच ताव उरले होते, आणि सगळं उखडून उलटं मांडायचं म्हणजे डोकं चालेना. मी नाला इकडे सरकवला की बोर भलत्याच ठिकाणी जायची. कुसुम एक सांगे, मी दुसरं करे. तेव्हा चाचा हसले.

“सरका बाजूले. चाळीस साल झाले, मी उलटंच वाचून राह्यलो. आता तं सरळ लिहिलेलं वाचाले टाइम लागते मले.” त्यांनी स्टूल ओढलं, नवा पुठ्ठा समोर घेतला, उखडलेलं सामान जवळ ओढलं, सरसाचं भांडं शेगडीवर ठेवलं. “आपा, तुमी सांगा. जसं हाय तसं सांगा. मी उलटं लावतो.”

आणि तुळसाबाई सांगू लागली. डोळे मिटून, जणू वरच्या धुऱ्यावरून चालतेय.

“बोरीपासून निंघालं का डाव्या हाताले पहिले पाच तास (ओळी) पऱ्हाटी. तिथं माती थोडी भुरकी हाय, मुरूम वर येते. मंग तूर. तुरीच्या बाजूनं पायवाट, याइच्या बाबानं पाडलेली. खाली उतरलं का माती काळी होत जाते, पाय रुतते.”

चाचांची काळी बोटं तिच्या प्रत्येक वाक्याबरोबर उलट्या बाजूला जात होती. रेती, काडी, शेंग. मध्येच ते विचारत, “पायवाट सरळ हाय का वाकडी?” “वाकडी. मधात गोटा हाय मोठा.” “मंग गोटा आना.” बाहेर रस्त्यावरून एक खडा आला. पत्रिका छापून घ्यायला आलेले एक गृहस्थ आपलं काम विसरून दारात उभे राहून ऐकत होते. सरस वाळायला दुपार गेली. चाचांच्या घरून चहा आणि गरम भजी आली.

चार वाजता दुसरा ताव दाबला. तुळसाबाईनं कागद टेबलावर ठेवला आणि त्यावरून, शाई पुसू नये म्हणून बोटभर वरून, हात फिरवला. बोरीपासून खाली, पायवाटेनं, नाल्यापर्यंत. मी लुगड्याचा हिरवा काठ कापून नाल्याच्या बाजूनं चिकटवला, जिथे ती निंदायला बसायची तिथे. तिनं मान हलवली. मग मधोमध येऊन तिचा हात थांबला.

“विहीर?”

मधोमध नुसती कोरी जागा होती. विहिरीतलं काहीच आम्ही आणलं नव्हतं. काय आणणार? विहीर म्हणजे खोल, रिकामी जागा. मोटेचा तुकडा मी पुढे केला, पण ती नको म्हणाली.

“ते विहिरीवरचं हाय. विहीर नोहे.” ती माझ्याकडे नाही, लेकीकडे बघत होती. “दोन उन्हाळे खंदली आमी दोघाइनं. तुह्या बाबानं खाली, मी वरतं. दुसऱ्या उन्हाळ्यात तू पोटात होती. पानी लागलं तवा तुह्या बाबानं खालून हाक मारली, अन् मले वाकता येईना. मी नुसती आवाज ऐकत राह्यली. ते तुले काढता येते, कुसुम. तुह्यासिवा कोनाले येत नाही.”

कुसुमनं माझ्याकडे पाहिलं. मी टाक आणि शाईची दौत पुढे सरकवली आणि मागे झाले. पत्रिका छापायला लागलेल्या चाचांनी मशीनचा पाय थांबवला.

नऊ वर्षांनंतरची पहिली रेघ तिनं सावकाश ओढली. दुसरी न थांबता. तिनं वरून डोकावल्यासारखी विहीर काढली. दगडांचं एकेक वर्तुळ, आत आत जाणारं, बारीक होत जाणारं, आणि अगदी तळाशी पाण्याचा एक पांढरा ठिपका शिल्लक ठेवला. पंधरा-वीस मिनिटं लागली असतील. टाक खाली ठेवल्यावर ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडली, आणि तुळसाबाई काळ्या झालेल्या हातानं तिच्या पाठीवर थोपटत राहिली. कुसुमच्या पांढऱ्या पोलक्यावर पाचही बोटं उमटली.

तिसरा तावही छापला. त्यावरही कुसुमनंच विहीर काढली, या वेळी जास्त भरभर. चाचांनी हात पुसत विचारलं, “आपा, माह्या कामाचं काय देता?” तुळसाबाईनं पिशवीतून सोल्यांची पुडी काढून त्यांच्यापुढे ठेवली. चाचा खूश झाले.

वाटणी तिनंच केली. एक चित्र घरात, एक कुसुमला. आणि पहिलं, उलटं, माझ्याकडे देत म्हणाली, “हे तुमी न्या, बाई. तुमाले काय, नाला कोनतीकडंबी चालते!” मी ओशाळले, तशी तिनं हसून माझा गाल कुरवाळला.

पुढचं मला कुसुमच्या पत्रांतून कळलं. तलाव भरला. तुळसाबाईला गावाच्या वरच्या अंगाला दुसरं शेत मिळालं, खडकाळ, पण तिनं ते कसायला घेतलं. कुसुमनं फळ्यावरची फुलदाणी पुसली आणि मुलींना आपापल्या घरामागचं काय दिसतं ते काढायला लावलं. स्वतःही काढते, प्रत्येक पत्राच्या मागे काहीतरी असतं.

माझं उलटं वावर मी प्रदर्शनात ठेवलं. लोकांनी पोताचं कौतुक केलं. एकानं विचारलं, हे कुठलं दृश्य आहे? मी त्यांना बसवून बोरीपासून नाल्यापर्यंत सगळं सांगितलं. ते गृहस्थ घड्याळ बघायला लागले.

पण परतीच्या प्रवासाचं सांगायचं राहिलं. कारंज्याहून छोटी गाडी निघाली तेव्हा सवयीनं मी वही उघडून मांडीवर घेतली. खिडकीबाहेर तेच होतं, जे येताना होतं. पऱ्हाटी, तूर, मधेच एखादं झाड. येताना चार रेघांत मी ते उरकलं असतं आणि खाली ‘वऱ्हाडातील शेत’ असं लिहिलं असतं. आता पेन्सिल चालेना. कोणाचं आहे, उतार कुठे, पाणी कुठून येतं, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी लोकांच्या घरांत न विचारता डोकावत आले, असं वाटून गेलं.

शेजारी टोपलीत कोंबडी घेऊन एक बाई बसली होती. मी तिला विचारलं, “मावशी, हे वावर कुणाचं हो?”

तिनं आधी माझ्याकडे नीट पाहिलं, मी थट्टा तर करत नाही ना म्हणून. मग खिडकीशी सरकली.

“हे? हे दोघा भावाइचं. बोलत नाहीत एकमेकाशी, पन पेरतेत एकाच दिवशी. ते पाहा, मधातला धुरा, कसा साफ हाय. दोघंबी तिथंच येऊन बसतेत, पाठ लावून.”

गाडी हळू चालली होती. मी वही मिटून पिशवीत टाकली. दुसरं शेत आलं, त्याचंही तिनं सांगितलं. तिसऱ्याच्या आधी तिनं टोपली पायांमध्ये घट्ट धरली, पदर खोचला आणि म्हणाली, “आता पुढचं माह्या बहिनीचं हाय. नीट बसा, बाई. लय मोठी गोष्ट हाय.”